आर्द्रा मंदावली तेव्हा: खगोलशास्त्रज्ञ जमिनीवरच्या आणि अवकाशातल्या दुर्बिणी कशा वापरतात, आणि आपण बेळगावातून काय करायचं

आमच्याकडं आर्द्रा म्हटलं की पाऊस. मिरग संपला, आर्द्रा लागली, आता कणकुंबी-जांबोटीकडं कसा धरतोय बघायचा आणि रोप लावायच्या तयारीला लागायचं, एवढंच. पण आर्द्रा हा एक तारा पण आहे. थंडीत रात्री जो मृगाचा मोठा चौकोन दिसतो ना, मधे तीन तारे एका ओळीत असलेला, त्या चौकोनातला तांबूस तारा तो. आकाश बघणारी मंडळी त्याला काक्षी म्हणतात, इंग्रजीत बीटलज्यूस. २०१९ च्या डिसेंबरपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत हा तारा असा मंदावला की संक्रांतीच्या आसपास अनगोळच्या आमच्या गच्चीवरून तो रोहिणीपेक्षा फिका दिसत होता, एरवी तो रोहिणीपेक्षा ठळक असतो. मी पोरांना घेऊन बसायचो तेव्हा शेजारच्या काकू खालून विचारायच्या, "काय बघूलाय ओ सर एवढ्या थंडीत?" आणि पोरं वरून ओरडायची, "आर्द्रा विझूलाय काकू!"

विझला नाही. पण का मंदावला हे शोधायला जगातल्या कितीतरी दुर्बिणी कामाला लागल्या, काही डोंगरावरच्या, काही अवकाशातल्या, आणि सोबत साध्या डोळ्यांनी बघणारी हजारो माणसं. तेव्हापासून मला दुर्बिणी कशा वापरतात हे समजावून सांगायचं झालं की मी हाच तारा घेतो. कारण पोरांचे प्रश्न ठरलेले असतात, अवकाशातली हबल दुर्बीण आज काय बघणार ते कोण ठरवतंय, शास्त्रज्ञ रोज रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसतात काय, अवकाशात दुर्बीण आहे तर मग खाली डोंगरावर एवढा खर्च कशाला. म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून काढतोय. ज्याला पुढं यात शिकायचंय त्याला पण उपयोग होईल आणि ज्याला फक्त गच्चीवरून बघायचंय त्याला पण.

पहिलं काम म्हणजे प्रश्न पक्का करायचा

दुर्बीण नंतर. आधी प्रश्न, आणि तो पण असा की ज्याचं उत्तर प्रकाश मोजून मिळेल. "आर्द्रेला काय झालं" हा प्रश्न चांगला आहे पण त्यावर दुर्बीण वळवता येत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात. सगळा तारा सारखाच मंद झालाय की एकच बाजू? ताऱ्याचं तापमान उतरलंय की मधे धूळ आलीय? धूळ असेल तर ती कधी सुटली? आता बघा, प्रत्येक तुकड्याला वेगळी दुर्बीण लागते. एकच बाजू मंद आहे का हे बघायला ताऱ्याची तबकडी दिसली पाहिजे, म्हणजे खूप मोठा आरसा आणि हवेची थरथर काढून टाकायची सोय. तापमानाला वर्णपट पाहिजे, म्हणजे प्रकाश रंगांत पसरून मोजायचा. धुळीच्या आधी तप्त वायू सुटला होता का हे बघायला अतिनील प्रकाश पाहिजे, आणि तो आपल्या हवेतून खाली जवळपास येतच नाही, त्याला वरच जावं लागतं.

मी पोरांना हे करून घेतो, वहीत एक प्रश्न लिहा आणि त्याचे तीन तुकडे करा. जो तुकडा "किती", "कधी" किंवा "कुठल्या बाजूला" नं सुरू होतो तो कामाचा. "का" नं सुरू होणारा शेवटी येतो, बाकीच्यांची उत्तरं जमली की.

जमीन की अवकाश

हे ठरवायला एकच गोष्ट नीट समजून घ्या, आपल्या डोक्यावरची हवा काय करते. ती दोन कामं करते. एक, बराच प्रकाश अडवते. दिसणारा प्रकाश, त्याच्या पलीकडच्या अवरक्तातले काही पट्टे आणि रेडिओ लहरींचा मोठा भाग खाली येतो, बाकी गॅमा किरण, क्ष-किरण, अतिनीलाचा बहुतेक भाग आणि अवरक्ताचा बराच भाग वरच अडतो (अडतो म्हणून आपण जिवंत आहोत हे पण खरं). दोन, जे खाली येतं ते हलवून सोडते. एप्रिलच्या दुपारी निपाणी रोडवर डांबरावरची हवा कशी थरथरते आणि समोरचा ट्रक पाण्यात असल्यासारखा दिसतो, तेच वर चालू असतं, फक्त बारीक. तारे लुकलुकतात ते यामुळंच. या थरथरीनं ताऱ्याचा ठिपका पसरतो, चांगल्या जागेवर सुद्धा साधारण एक विकला किंवा थोडा कमी. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, एक रुपयाचं नाणं चार किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढा कोन. हबलचा आरसा फक्त २.४ मीटरचा आहे, जमिनीवर त्याच्या तिप्पट-चौपट मोठे आरसे आहेत, पण हवेच्या वर असल्यामुळं हबलला विकलेच्या विसाव्या भागाइतकं बारीक दिसतं.

मग सगळ्या दुर्बिणी वरच का नाही पाठवत? कारण वर पाठवलेली दुर्बीण दुरुस्त करणं महाकठीण. हबल २४ एप्रिल १९९० ला गेली आणि थोड्याच दिवसांत कळलं की आरशाचा आकार किंचित चुकलाय, चित्रं धूसर. डिसेंबर १९९३ ला अंतराळवीर वर जाऊन चष्मा बसवल्यासारखं दुरुस्त करून आले, नंतर पण २००९ पर्यंत चार वेळा गेले. जेम्स वेब मात्र पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, तिथं दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही, म्हणून २५ डिसेंबर २०२१ ला उडायच्या आधी वर्षानुवर्षं नुसत्या तपासण्या चालल्या होत्या. तिचा आरसा ६.५ मीटरचा, १८ षटकोनी तुकड्यांचा, वर सोन्याचा थर, कारण अवरक्त प्रकाश सोन्यावरून छान परावर्तित होतो. अवरक्त म्हणजे उष्णता, दुर्बीण स्वतः गरम असली तर तिचाच प्रकाश तिला दिसेल, म्हणून टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी छत्री सूर्याकडं धरून ती कायम सावलीत ठेवलीय.

जमिनीवरच्या दुर्बिणीला आज नवा कॅमेरा लावता येतो, उद्या आरसा धुता येतो, आणि आरसा पाहिजे तेवढा मोठा करता येतो. थरथरीवर पण इलाज निघालाय. लेसर वर सोडून साधारण ९० किलोमीटरवरच्या सोडियमच्या थरात खोटा तारा पेटवायचा, तो कसा हलतोय बघायचं आणि त्याच्या उलट एक पातळ आरसा सेकंदाला शेकडो वेळा वाकवायचा. आर्द्रेसारखा ठळक तारा असेल तर लेसरची पण गरज नाही, त्याचाच प्रकाश वापरून थरथर मोजतात.

जागा कशी निवडतात हे आपल्या जिल्ह्यातच शिकता येतं. कणकुंबीला पाऊस किती, आणि त्याच बेळगाव जिल्ह्यात अथणीला किती? सह्याद्रीनं ढग अडवले, पलीकडं कोरडं. हिमालयानं पण तेच केलंय, मोसमी ढग अलीकडं अडतात आणि पलीकडं लडाखमध्ये हानले इथं ४५०० मीटरवर कोरडं, काळंभोर आकाश मिळतं. भारतीय खगोलभौतिकी संस्थेची २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण तिथंच आहे. चिलीतलं अटाकामा पण असंच कोरडं वाळवंट. म्हणजे जगभरातले खगोलशास्त्रज्ञ आपापल्या देशातली अथणी शोधत असतात, फक्त उंचावरची. आपल्या माणसांनी पण हे लक्षात ठेवावं, नोव्हेंबर ते मार्च खानापूरच्या रानात अंधार उत्तम मिळतो पण दव आणि धुकं जास्त, अथणी-रायबागकडं हवा कोरडी मिळते.

आणि एक दुर्बीण अशी पण आहे जिला ढगांचं काही वाटत नाही. आपल्यापासून पुण्याला जाऊन पुढं नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या डोक्यातून निघालेली. रेडिओ लहरींना ढग आडवे येत नाहीत, दिवसा पण काम चालतं आणि भर श्रावणात पण. तबकड्या पत्र्याच्या नसून बारीक तारेच्या जाळीच्या आहेत, वारा आरपार जातो म्हणून हलक्या आणि स्वस्तात उभ्या राहिल्या, आणि लहरींची लांबी मोठी असल्यामुळं जाळी पण त्यांना आरशासारखीच. पोरांना एकदा तरी नेऊन दाखवा, हबलच्या हजार फोटोंनी जे होत नाही ते त्या एका तबकडीखाली उभं राहिलं की होतं.

वेळ मागायचा

हा भाग बाहेर कुणाला माहीत नसतो आणि खरं सगळं इथंच ठरतं. मोठी दुर्बीण कुणा एकाची नसते. वर्षातून एकदा-दोनदा तारीख जाहीर होते आणि त्या तारखेच्या आत प्रपोजल पाठवायचं असतं. त्यात दोन भाग. पहिल्यात हा प्रश्न का महत्त्वाचा आणि यातून नक्की काय कळेल. दुसऱ्यात हीच दुर्बीण का, कुठला कॅमेरा, कुठले फिल्टर, किती तास आणि तेवढेच तास का. जेम्स वेबच्या चौथ्या फेरीला २३०० हून जास्त प्रपोजल आली होती, जेवढा वेळ होता त्याच्या साधारण नऊपट वेळ मागितला गेला. म्हणजे आठ-नऊ जणांतल्या एकालाच मिळणार. हबलनं २०१८ पासून पाठवणाऱ्याचं नाव झाकून प्रपोजल तपासायला सुरुवात केली, नाव मोठं की छोटं ते न बघता प्रश्न बघायचा म्हणून. हे मला मनापासून पटतं. आमच्याकडच्या पोरांना वाटतं की असल्या जागी आपली चिठ्ठी कोण वाचणार, तर अशी सोय असेल तिथं नाव न बघताच वाचतात.

तासांचा हिशोब कसा करतात? प्रत्येक दुर्बिणीचं एक कॅल्क्युलेटर असतं, ताऱ्याची प्रत (म्हणजे तो किती ठळक), फिल्टर, चंद्र किती असेल हे घातलं की किती वेळ प्रकाश जमवायचा ते सांगतं. एक नियम पाठ करा, प्रकाश जमवायचा वेळ चौपट केला की चित्राची सफाई दुप्पट होते, चौपट नाही. म्हणून "जरा जास्त वेळ द्या" असं म्हणणारं प्रपोजल पडतं आणि "अमुक इतकी सफाई पाहिजे म्हणून बरोबर एवढाच वेळ" म्हणणारं टिकतं.

दुसरं, तुमची वस्तू त्या दिवसांत दिसणार आहे का? जमिनीवरून साधारण ३० अंशांच्या खाली गेलेलं काही सहसा बघत नाहीत, कारण तिथं प्रकाश दुप्पट हवेतून येतो. बेळगाव अक्षांश १६ च्या जरा अलीकडं, म्हणून ध्रुवतारा आपल्याला १६ अंशांवर, अगदी खाली, आणि अगस्ती दक्षिणेला जास्तीत जास्त २१ अंशांवर चढतो. मोजमाप करायला दोन्ही आपल्याकडून अवघडच. अवकाशातल्या दुर्बिणीला क्षितिज नाही पण तिची वेगळी बंधनं आहेत. हबल पृथ्वीभोवती साधारण दीड तासात एक फेरी मारते आणि फेरीतला जवळपास अर्धा वेळ पृथ्वीच मधे येते. जेम्स वेबला छत्री सूर्याकडंच ठेवायची असल्यामुळं एका वेळी आकाशाचा साधारण ४० टक्केच भाग बघता येतो, बाकीच्यासाठी काही महिने थांबायचं. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीसाठी वेळ मागताना आधी हे तपासायला लागतं की चौकटीत एखादा फार तेजस्वी तारा तर येत नाही ना, आला तर डिटेक्टर खराब होईल. ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, तो एकाच वेळी अतिनील आणि क्ष-किरण दोन्हीत बघतो, आणि त्याचा माहितीसाठा आपल्याच राज्यात बंगळूरजवळच्या ब्यालाळूला आहे.

अचानक काही घडलं तर? त्यासाठी थोडा वेळ राखून ठेवतात. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून उठलेल्या गुरुत्वीय लहरी आल्या, १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झटका दिसला, लगेच जगभर निरोप गेले आणि अकरा-एक तासांत चिलीतल्या फक्त १ मीटरच्या दुर्बिणीनं १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या आकाशगंगेत तो नवा ठिपका पकडला. मग हबल, मग क्ष-किरणवाले, मग रेडिओवाले, त्यात जीएमआरटी पण. त्या रात्री सगळ्यात मोठी दुर्बीण असून उपयोग नव्हता, योग्य वेळी रिकामी आणि अंधारात असलेली दुर्बीण पाहिजे होती.

प्रत्यक्ष रात्र

जमिनीवर काम दुपारीच सुरू होतं. आधी कॅमेरा बंद डोळ्यानं फोटो काढतात, म्हणजे शटर न उघडता, शून्य वेळाचे आणि जास्त वेळाचे पण. यात कॅमेऱ्याची स्वतःची बडबड किती ते कळतं. मग सूर्य मावळायच्या सुमारास डोम, म्हणजे दुर्बिणीवरचा घुमट, उघडायचा, आतली हवा बाहेरच्या हवेइतकी गार व्हावी म्हणून, नाहीतर आरशासमोरच निपाणी रोड तयार होतो. सूर्य मावळला की दहा-पंधरा मिनिटांचा एक मोलाचा वेळ असतो, तेव्हा रिकाम्या सारख्या उजेडाच्या आकाशाचे फोटो घेतात. लेन्सवर कुठं धूळ, कॅमेऱ्याचा कुठला कोपरा कमजोर ते यात दिसतं. मग फोकस, मग ज्याची प्रत पक्की माहीत आहे असा एखादा तारा, आणि मग कुठं आपली खरी वस्तू. रात्रभर वहीत लिहायचं, वेळ, फिल्टर, किती सेकंद, ढग आला का, दमटपणा किती. दमटपणा ठरल्यापेक्षा वर गेला की डोम बंद, मग तुमची रात्र असो नाहीतर कुणाची. प्रपोजल मंजूर होऊन, तयारी करून, पूर्ण रात्र ढगांकडं बघत बसलेल्यांचे अनुभव ऐकले की वाईट वाटतं, पण यात कुणाचा इलाज नाही, पुढच्या फेरीला परत मागायचं.

डोळा मात्र कुणी लावत नाही. हानलेची दुर्बीण तर बंगळूरजवळच्या होसकोट्यातून उपग्रहाच्या जोडणीनं चालवतात, बाहेर होसकोट्याची हवा आणि समोर पडद्यावर लडाखचं आकाश. बऱ्याच मोठ्या दुर्बिणींना आता तुम्ही जायचं पण नसतं, तुमच्या कामाची बारीक यादी आधी पाठवायची, तिथली माणसं त्या रात्रीची हवा बघून कुणाचं काम आज घ्यायचं ते ठरवतात. ज्याला अगदी स्थिर हवा पाहिजे त्याचं चांगल्या रात्री, ज्याला चालतंय त्याचं बाकीच्या रात्री. अवकाशातल्या दुर्बिणींचं तर सगळंच असं, आठवड्याचं वेळापत्रक आधी बनवून आज्ञा वर पाठवतात आणि दुर्बीण आपली एक एक काम उरकत जाते.

आता आर्द्रेकडं परत. हबल २०१९ च्या सुरुवातीपासूनच अधूनमधून तिचा अतिनील वर्णपट घेत होती, आधीच मंजूर झालेल्या प्रपोजलप्रमाणं, तेव्हा कुणाला पुढचं माहीत नव्हतं. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये तिला दिसलं की तप्त, दाट वायू ताऱ्यापासून बाहेर निघालाय. चिलीतल्या व्हीएलटी नावाच्या दुर्बिणीच्या ८.२ मीटर आरशानं जानेवारी २०१९ ला तबकडीचं चित्र काढलेलं होतं आणि डिसेंबरला परत काढलं, दोन्ही शेजारी ठेवली तर दक्षिणेचा भाग काळवंडलेला. दोन्ही जोडून अर्थ असा लागला की ताऱ्यानं पोटातला वायू उडवला, तो लांब जाऊन थंड झाला, त्याची धूळ झाली आणि ती नेमकी आपल्या नजरेच्या आड आली, सोबत ताऱ्याचा पृष्ठभाग पण तिथं थोडा थंड झाला होता. आणि हे सगळं कधी कधी कसं कसं उतरत गेलं याची रोजची नोंद कुणाकडं होती? बरीचशी हौशी माणसांकडं.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते. सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो २१-२२ जूनला, म्हणजे तेव्हा तो तारा सूर्याच्या बाजूलाच, दिवसाच्या उजेडात. आपल्याला पाऊस देणारी आर्द्रा आपल्याला दिसतच नाही. २०२० च्या त्या पावसाळ्यात पृथ्वीवरून कुणालाच ती नीट मोजता येईना. पण सूर्यावर नजर ठेवणारं स्टीरिओ नावाचं यान तेव्हा पृथ्वीपासून बरंच बाजूला होतं, तिथून सूर्य आणि आर्द्रा लांब लांब दिसत होते. ते यान थोडं वळवून जून ते ऑगस्टमध्ये मोजमापं घेतली, तर तारा परत मंदावत होता. आणि जपानमध्ये तर काही जणांनी हिमावारी-८ या हवामानाच्या उपग्रहाची चित्रं काढून बघितली. तो पृथ्वीचे ढग बघायला आहे, पण त्याच्या चौकटीच्या कडेला थोडं आकाश येतं, त्यात आर्द्रा सापडली, साडेचार वर्षांची, दिसणाऱ्या आणि अवरक्त दोन्ही प्रकाशातली. कुणी मागितलेला नव्हता तो डेटा. तो साठवलेला होता म्हणून मिळाला.

घरी बसून तोच डेटा उघडायचा

खरं सांगायचं तर हा लेख मी यासाठीच लिहायला घेतला. ज्यानं वेळ मागितला त्याला काही महिने, बऱ्याचदा वर्षभर, डेटा राखून ठेवायला मिळतो, काही कामांचा तर लगेच खुला होतो. त्यानंतर तो सगळ्या जगाचा. तुमचा पण. हबल आणि जेम्स वेबचा साठा मास्ट नावाच्या संकेतस्थळावर आहे, पैसे नाहीत, खुल्या डेटाला परवानगी पण लागत नाही.

सुरुवातीला एम ५१ घ्या, भोवऱ्यासारखी आकाशगंगा आहे, हबलनं २००५ मध्ये तिचं मोठं चित्र काढलंय. शोधायच्या चौकटीत नाव टाका, मोहीम हबल निवडा, प्रकार चित्र निवडा आणि कच्चा नको, दुरुस्त करून जोडलेला डेटा घ्या. फाईल फिट्स प्रकारची असते, मोबाईलच्या गॅलरीत उघडणार नाही, आणि शेकडो एमबीची असू शकते, म्हणून गावाकडं नेट बरं असेल तेव्हा किंवा शहरात आल्यावर उतरवून घ्या. उघडायला डीएस९ नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. उघडल्यावर काळा पडदा दिसेल, घाबरू नका, सगळ्यांना तसाच दिसतो. स्केलमध्ये लॉग करा आणि झेडस्केल करा, आकाशगंगा वर येईल. पहिल्यांदा ती अशी वर आलेली बघताना माझ्या वर्गातली एक मुलगी बराच वेळ काही बोललीच नाही.

चित्र काळं-पांढरं असेल. सगळी तशीच असतात. रंग नंतर देतात, आणि ते मनाला येईल तसे नाही देत. फाईलच्या नावात किंवा माहितीत फिल्टर लिहिलेला असतो, एफ८१४डब्ल्यू म्हणजे ८१४ नॅनोमीटरच्या आसपासचा रुंद फिल्टर, एफ४३५डब्ल्यू म्हणजे ४३५ चा, शेवटी एन असेल तर अरुंद. तीन फिल्टरची चित्रं घ्या, सगळ्यात लांब लहरीला तांबडा, मधल्याला हिरवा, आखूडला निळा. डीएस९ मध्ये आरजीबी चौकट घेऊन तिन्ही भरा आणि प्रत्येकाचा उजेड थोडा थोडा हलवा. जिथं तांबूस दिसेल तिथं म्हातारे तारे किंवा धुळीआडचे, निळसर तिथं तरणे. हे तुम्ही कुणाच्या फोटोवरून नाही, मोजलेल्या आकड्यांवरून सांगत असता.

कॉम्प्युटर नसेल तर मोबाईलवर अलादिन लाइट उघडा. एकाच आकाशाचं दिसणाऱ्या प्रकाशातलं, अवरक्तातलं, क्ष-किरणातलं चित्र बदलून बदलून बघता येतं. मृगावर आणा आणि अवरक्तात करा, डोळ्यांना रिकामं वाटणारं तिथं किती भरलेलं आहे ते दिसेल.

आणि गच्चीवरून

अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था १९११ पासून बदलणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी गोळा करते, जगातून कुणीही पाठवू शकतं. आर्द्रेला तर दुर्बीण पण लागत नाही, उलट ती दुर्बिणीला फार ठळक होते. पद्धत अशी. वीस मिनिटं अंधारात बसा, मोबाईल खिशात. ओळखीच्या ताऱ्यांच्या प्रती पाठ ठेवा, प्रश्वा (इंग्रजीत प्रोसियॉन) ०.४, रोहिणी ०.९, पुनर्वसूतला ठळक तारा १.१, आकडा लहान तितका तारा ठळक. आता आर्द्रा कुणा दोघांच्या मधे बसते ते बघा. प्रश्वापेक्षा थोडी फिकी आणि रोहिणीपेक्षा थोडी ठळक, अगदी मधोमध असेल तर ०.६ किंवा ०.७ लिहा. तांबड्या ताऱ्याकडं एकटक बघू नका, बघत राहिलं की तो उगाच ठळक वाटायला लागतो, नुसती नजर टाका आणि काढा. तुलनेचे तारे साधारण सारख्याच उंचीवर असताना बघा, एक डोक्यावर आणि एक कणगल्याच्या डोंगराला टेकलेला असं नको. वेळ लिहिताना आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा, जगाची वही त्या वेळेवर चालते. आणि जे दिसलं तेच लिहा. काल ०.६ लिहिलं म्हणून आज पण ०.६ लिहायचं नाही, शेजारच्यानं ०.९ सांगितलं म्हणून आपलं बदलायचं नाही.

नवरात्रात ती रात्री अकराच्या सुमारास पूर्वेला उगवते, संक्रांतीला रात्री अकराला जवळजवळ डोक्यावर असते. पण मी नव्या माणसाला महाशिवरात्रीपासून सुरू करायला सांगतो. अमावास्या तोंडावर असते त्यामुळं चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही, माणसं तशीही जागी असतात, आणि रात्री साडेआठ-नऊला आर्द्रा वर चढलेली असते. आर्द्रेची देवता रुद्र, हे पंचांगात बघा. देवळातून येताना दिव्यांपासून जरा लांब, शेताच्या बाजूला उभं राहा, आधी प्रश्वा बघा, मग रोहिणी, मग आर्द्रा, आणि आकडा लिहा.